इंटरनेटची वाट कोणाच्या हुकमाची?

ज्यांच्या घरचे कोणी दुबईस नोकरीला आहे, त्यांना पुढील अनुभव नवा वाटणार नाही. मुलाने लिहिलेला संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर येई, नातवाचे छायाचित्र येई, सणाच्या शुभेच्छा येत. परंतु त्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून आईने बोलू म्हटले, तर आवाज काही केल्या पलीकडे पोहोचत नसे. आपला फोन बिघडला, असे त्या माउलीस वाटे. फोन बिघडलेला नव्हता. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची मुभा केवळ परवाना मिळालेल्या सेवांनाच होती, आणि २०१८ च्या जानेवारीत तेथील मोठ्या दूरसंचार कंपनीने अशा परवानाधारक सेवांसाठी महिन्याला ५० दिरहमांची वेगळी वर्गणी ठेविली. इंटरनेटचे पैसे मुलाने आधी भरलेलेच होते. त्याच तारेवरून लिहिलेला शब्द जाई. बोललेला शब्द अडे.

तार ज्याच्या हाती आहे त्याने त्या तारेवरून काय जावे आणि काय जाऊ नये हे ठरवावे काय? जगात गेली वीस वर्षे जो वाद चालू आहे, त्याचा गाभा एवढाच आहे. इंग्रजीत ह्यास नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. २००३ साली टिम वू नामक कायदेपंडिताने हे नाव रूढ केले. आपण त्यास इंटरनेटची निःपक्षता म्हणू.

जुन्या गोव्याहून दिवाडी बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीत पायी माणसास तिकीट पडत नाही. मासळीची पाटी घेतलेली बाई, शाळकरी मूल, मिस्सा आटोपून परतणारे वृद्ध जोडपे, सर्वांना बोट सारखीच नेते. पाटीत काय आहे, पलीकडे कोणाच्या दारी जाणार, हे खलाशी विचारीत नाही. आता कल्पना करा, की बोट एखाद्या व्यापाऱ्याच्या हाती गेली आणि त्याने जाहीर केले: पैलतीरी अमुक शेटच्या दुकानी जाणारास फुकट, इतरांस भाडे. शेटने त्याच्याशी आतून करार केलेला. थोड्याच दिवसांत बाकीची दुकाने ओस पडतील. तरीही बोटवाला छातीवर हात ठेवून म्हणू शकेल, ‘मी कोणास अडविले? उलट गोरगरिबांस फुकट नेतो!’

इंटरनेटवर नेमके असेच करता येते. आपण पाठविलेला मजकूर, चित्र वा आवाज लहान लहान पुडक्यांत विभागला जातो. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता असतो. वाटेवरील यंत्रे तो पत्ता वाचून पुडके पुढे ढकलतात. मूळ रचना एवढीच साधी. परंतु पुडके कोणाचे व कोणत्या जातीचे हे ओळखणारी यंत्रेही कंपन्यांजवळ असतात. ओळख पटली, की त्यास अडविता येते, रेंगाळत ठेविता येते, अथवा त्यावर निराळे भाडे लाविता येते. पहिले दोन प्रकार लोकांच्या लवकर ध्यानी येतात. तिसरा येत नाही, कारण तो पुष्कळदा ‘फुकट’ ह्या गोड नावाने घरात शिरतो.

आपल्या देशात ह्या वादाला तोंड फुटले ते २०१४ च्या ऐन नाताळच्या दिवसांत. एअरटेल कंपनीने इंटरनेटवरून बोलण्यासाठी वेगळा आकार घेण्याचे ठरविले. लोक खवळले, आणि महिना संपण्यापूर्वी तो बेत कंपनीने गुंडाळला. पुढे २०१५ च्या मार्चअखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ह्या विषयावर विचारणा-पत्रिका काढली. शंभराहून अधिक पाने, वीस प्रश्न, आणि भाषा अशी की वकिलासही दोनदा वाचावी लागावी. काही तरुणांनी त्या पत्रिकेचा सोपा गोषवारा केला, उत्तरांचा मसुदा सिद्ध केला, आणि पंधरा-वीस दिवसांत दहा लाखांहून अधिक पत्रे ट्रायकडे गेली. सरकारी विचारणेस एवढी उत्तरे आल्याचे आपल्याकडे क्वचितच घडले असेल. (ट्रायने ती सर्व पत्रे पाठविणारांच्या ईमेल-पत्त्यांसकट उघडी करून ठेविली, हा पुढला प्रताप निराळा!)

त्याच सुमारास फेसबुकने आणलेली एक योजना मात्र अधिक विचार करावयास लावणारी होती. २०१५ च्या फेब्रुवारीत रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांसाठी ती सुरू झाली आणि पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ असे ठेवण्यात आले. निवडक संकेतस्थळे ग्राहकास विनामूल्य उघडता येत. त्यांबाहेर पाऊल टाकले की पैसे. कोणत्या संकेतस्थळास आत घ्यावे ह्याच्या अटी फेसबुकने लिहिलेल्या. वर्षअखेरीस वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग ह्यांनी स्वतः एक लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला: ह्या योजनेमुळे त्यास हवामान कळले, बाजारभाव कळले, आणि तो नव्या पिकांकडे वळला. सार्वजनिक ग्रंथालय, सरकारी दवाखाना, मोफत शाळा ह्यांच्या पंक्तीस त्यांनी आपली योजना बसविली.

ह्या युक्तिवादास हसून सोडून देणे मला योग्य वाटत नाही. त्या काळी एक जीबी इंटरनेटसाठी सरासरी दोनशे रुपयांहून अधिक पडत. शेतमजुराच्या घरी एवढे पैसे कोठून यावे? ज्याच्या ताटात काहीच नाही, त्यास अर्धी भाकर देणाराचा हात धरणे हे भरल्या पोटाच्या माणसास शोभते काय? विरोध करणारांपैकी बहुतेकांच्या खिशात इंटरनेट आधीच होते, हे कबूल केले पाहिजे. २००२ साली व्हॅटिकनच्या समाजसंपर्क परिषदेने इंटरनेटमधील नीतीविषयी जे पत्रक प्रसिद्ध केले, त्यातही माहितीने संपन्न आणि माहितीस वंचित अशा दोन जगांत पडणाऱ्या दरीची चिंता आहे. गरिबाचा प्रश्न खरा होता.

पण उत्तर खरे होते काय? ग्रंथालयाची उपमा घ्या. ग्रंथालयातील पुस्तके ग्रंथपाल निवडतो, हे खरे. परंतु तो पुस्तकविक्रेता नसतो, आणि कोण कोणते पुस्तक उघडतो ह्यावर त्याचा व्यापार चालत नाही. शिवाय ज्या शेतकऱ्यास फुकटच्या पानावर एकच भाव दिसतो, त्यास दुसऱ्या बाजारातील भाव पडताळून पाहण्याची वाट बंद असते. आंधळ्यास काठी द्यावी, पण ती एकाच दाराकडे वळणारी असू नये.

फिलिपाइन्स हा आपल्यासारख्याच श्रद्धाळू कॅथोलिक कुटुंबांचा देश. तेथे २०१३ पासून दूरसंचार कंपन्यांनी फेसबुक विनामूल्य देण्यास आरंभ केला. पुष्कळ गरीब घरांत इंटरनेट म्हणजेच फेसबुक, असे समीकरण होऊन बसले. बातमीचा मथळा फुकट दिसे. ती उघडून वाचावयाची तर पैसे पडत. परिणाम असा, की लोक मथळा वाचीत, त्यावरच मत बनवीत आणि तोच पुढे धाडीत. कोणी खोडसाळाने खोटा मथळा सोडला, तर आत काय आहे हे तपासण्याची ऐपत ज्याला नव्हती तोच त्यास पहिला बळी पडे.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निर्णय दिला. मजकूर पाहून इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यास कंपन्यांना मनाई करण्यात आली. नियम मोडणारास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. संकटकाळच्या सेवांना तेवढी सूट. तीनच दिवसांत फेसबुकने आपली योजना भारतातून मागे घेतली. पुढे २०१८ साली निःपक्षतेची अट कंपन्यांच्या परवान्यांतही घालण्यात आली. अडविणे आणि मुद्दाम रेंगाळत ठेवणे ह्यांसही बंदी झाली.

आणि गरीब? २०१६ च्या सप्टेंबरात जिओ कंपनी बाजारात उतरली, दरांची चढाओढ जुंपली, आणि दोन-तीन वर्षांत जीबीचा दर दहा-बारा रुपयांपर्यंत घसरला. अर्धी भाकर नाकारणारास पूर्ण भाकर मिळाली, असे म्हणावयाचा मोह होतो. पण ती कायद्याने दिली नाही, स्पर्धेने दिली. कायद्याने एवढेच केले, की जे स्वस्त झाले ते संपूर्ण इंटरनेट होते, त्याचा कोणी निवडून दिलेला तुकडा नव्हता. त्या चढाओढीत कित्येक कंपन्या बुडाल्या. मोजकेच वाटवाले उरले, की वाटेवरील नियमांची गरज अधिक भासू लागते.

ह्या वादाशी धर्मसभेचा काय संबंध, असे आपल्यापैकी कोणी विचारील. अमेरिकेतील कॅथोलिक बिशपांना तो संबंध पुरता ठाऊक होता. तेथील नियामक आयोगाने २०१५ साली निःपक्षतेचे कडक नियम केले होते. २०१७ मध्ये ते रद्द करण्याचे घाटू लागले, तेव्हा बिशप-परिषदेच्या संपर्क समितीचे अध्यक्ष, बर्लिंग्टनचे बिशप ख्रिस्तोफर कॉइन ह्यांनी नियम कायम ठेवावेत, असे जाहीर निवेदन केले. त्यांचे म्हणणे सरळ होते. रेडिओ, दूरचित्रवाणी, केबल ह्या सर्व माध्यमांच्या दारांत कोणी ना कोणी मालक उभा असतो. काय दाखवावे हे तो ठरवितो. इंटरनेटला असा दारवान नाही, म्हणून धर्मसंस्था, धर्मादाय मंडळे आणि लहान समाज तेथे बोलू शकतात. वेगाचे भाडे सुरू झाले, तर ते देण्याची ताकद त्यांच्याजवळ नाही.

ह्यातील सत्य आपण २०२० साली घरबसल्या पाहिले. मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली. तेव्हा कितीतरी लहान धर्मग्रामांनी एक मोबाइल काठीस बांधून वेदीसमोर उभा केला आणि रविवारची मिस्सा यूट्यूबवरून घरोघर पोहोचविली. आवाज मध्येच तुटे, चित्र गोठे. पण ते मनोरा दूर असल्यामुळे. चित्रपट दाखविणाऱ्या धनाढ्य कंपनीची पुडकी आधी आणि चर्चची मागून, असा भेद कंपनीस कायद्याने करता येत नव्हता.

अमेरिकेत बिशपांचे म्हणणे मानले गेले नाही. १४ डिसेंबर २०१७ रोजी आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी नियम रद्द केले. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा आणले गेले. २ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयाने ते पुन्हा रद्द ठरविले. सत्ता बदलली की नियम बदलतो, हे तेथील दुखणे आहे.

आता दूरसंचार कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मनोरे त्यांनी उभारले, लहरींसाठी सरकारास प्रचंड रकमा त्यांनी मोजल्या, आणि वाहतुकीचा मोठा भाग मोजक्या परदेशी कंपन्यांच्या चलच्चित्रांचा. गाडीवाले नफा कमावतात, रस्ता मात्र आम्ही दुरुस्त करतो, ही त्यांची तक्रार अगदीच पोकळ नाही. ह्या मोठ्या कंपन्यांनी खर्चात वाटा द्यावा, अशी मागणी त्यांनी २०२३ साली आपल्याकडे केली. दक्षिण कोरियात असा वाटा घेण्याची पद्धत आहे. तेथून ट्विच ही चलच्चित्रांची सेवा २०२४ च्या फेब्रुवारीत निघून गेली. इतर बहुतेक देशांच्या दहापट भाडे पडते, असे कारण तिने दिले. मोठ्याने वाटा दिला, तर तो ग्राहकाकडूनच वसूल करणार. आणि वाटा दिल्यावर ‘माझी गाडी आधी सोडा’ असे त्याने म्हटले, तर त्यास कोणत्या तोंडाने नाही म्हणावे?

ह्या प्रश्नाचा निकाल सोपा नाही, आणि तो आपल्या दारी पुन्हा येईल. ट्रायच्या विचारणा-पत्रिका तिच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. त्यांस उत्तर कोणत्याही नागरिकास, एक पैसा न देता, पाठविता येते. मुदत मात्र बहुधा चार आठवड्यांचीच असते.