टायरची आतली कड

कोठीवर राहणाऱ्या मराठी कुटुंबाची मोटार दोन तऱ्हांनी चालते. एरवी ती सुलतान बाजाराच्या गर्दीत मुंगीच्या पावलांनी सरकते. आणि वर्षातून एकदोनदा लग्नकार्यासाठी वा देवीच्या दर्शनासाठी तीच झहीराबाद, उमरगा, नळदुर्ग मागे टाकीत तुळजापूर-सोलापूरकडे भरधाव निघते. गावातल्या संथ चालीत चाकांचा दोष कळत नाही. तो कळतो हमरस्त्यावर, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आमचेही तसेच होण्याचा प्रसंग आला होता. प्रवासाच्या आदल्या दिवशी हवा भरताना तिथल्या मुलाने टायरच्या आतल्या बाजूने हात फिरविला आणि मला खाली वाकून पाहावयास सांगितले. बाहेरून नवे दिसणारे ते टायर आतल्या कडेला झिजून त्याचे धागे उघडे पडले होते. मागच्या आसनावर वृद्ध आई आणि मुले बसणार होती. ‘गाडी तर सरळ चालते’, एवढ्याच भरवशावर आम्ही निर्धास्त राहिलो होतो.

ही समजूतच चुकीची आहे. वरून पाहता पुढच्या चाकांची टोके एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळलेली असतात, त्यास ‘टो’ म्हणतात. हा दोष दोन्ही चाकांत सारखा वाटला गेला, तर गाडी सरळच चालते. टायर मात्र घासत राहते. प्रत्येक चाक अवघा अर्धा अंश तिरपे असले, तर भूमितीच्या हिशेबाने ते दर किलोमीटरमागे सुमारे ८.७ मीटर आडवे ओढले जाते. सोलापूरपर्यंतच्या ३०० किलोमीटरांत ही आडवी फरफट अडीच किलोमीटरांहून अधिक भरते! समोरून पाहता चाकाचा जो उभा कल दिसतो, तो ‘कँबर’. चाक वरच्या बाजूने आत झुकलेले असले की वळणावर पकड चांगली मिळते. परंतु कल अधिक झाला की आतली कड झिजते. तिसरा ‘कॅस्टर’ वळण संपल्यावर स्टिअरिंगला आपोआप सरळ आणतो. टायरच्या झिजेशी त्याचा संबंध थोडा.

तात्पर्य, सर्वच गुण एकाच वेळी पूर्णांशाने साधत नाहीत. चाके किंचित बाहेर वळविली तर गाडी वळणास चपळ होते, पण सरळ रस्त्यावर अस्थिर. किंचित आत वळविली तर स्थिर, पण मर्यादा ओलांडताच बाहेरची कड झिजते. शर्यतीची गाडी चपळतेसाठी टायरचा बळी देऊ शकते. घरच्या गाडीस कारखान्याने दिलेल्या मर्यादेतच, टो शक्यतो शून्याजवळ ठेवणे हिताचे.

अलाइनमेंटपूर्वी हवेचा दाब आणि चाकांचे सांधे तपासून घ्यावेत. सांधा सैल असेल, तर केलेले माप टिकत नाही. पुष्कळ छोट्या गाड्यांत केवळ टोच बदलता येतो. तेथे कँबर बिघडलेला आढळल्यास एखादा भाग वाकल्याची शंका घ्यावी. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागावेत. आणि महिन्यातून एकदा, गाडी थंड व उभी असताना, टायरवरून आडवा हात फिरवावा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर टो बिघडला असे समजावे. आमच्या घरी प्रवासाची पिशवी भरण्यापूर्वी आता हे काम आधी होते.