टपाखालचं पाणी

मिस्त्रींनी आधी चावी मागितली नाही. गाडीच्या मागे जाऊन ते उकिडवे बसले आणि मधोमध असलेल्या सायलेन्सरच्या नळीला पालथा हात लावून पाहिला. नळी गार होती. मगच त्यांनी मालकाकडे बघून मान हलवली. जुनी गाडी विकणारा माणूस कधी कधी गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन फिरवून गरम करून ठेवतो. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात जे काही बोलतं, ते मग ऐकायला मिळत नाही.

डिसेंबरातला रविवार होता, सकाळचे सात वाजले होते. जागा कोलकात्याच्या पूर्वेचं न्यू टाउन. माझा मावसभाऊ आठ वर्षं इथे आयटीत आहे. कॉलेजात असल्यापासून त्याच्या मनात उघड्या टपाची गाडी होती. एका मोठ्या सोसायटीच्या आवारात, गुलमोहराखाली, २०१० सालची पोर्शे बॉक्स्टर विकायला उभी आहे असं त्याला कळलं, आणि त्याने मला फोन केला: "दादा, तू नुसता बरोबर ये. माझं डोकं ठिकाणावर नसणार." खरं डोकं होतं मिस्त्रींचं. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत ॲम्बेसेडर बाहेर पडत होत्या. त्या गाड्यांवर हात बसलेली आणि पुढे विलायती गाड्यांकडे वळलेली कारागिरांची एक पिढी या शहरात आहे, मिस्त्री त्यातले. जुन्या गाड्यांचा लळा इथे मुरलेला आहे. स्टेट्समनची व्हिंटेज गाड्यांची रॅली कोलकात्यात १९६८ पासूनची, आणि सुट्या भागांसाठी मल्लिक बाजार आजही गाडीवाल्यांच्या तोंडी आहे.

बॉक्स्टर तपासायला अवघड, कारण तिचं इंजिन दिसतच नाही. पुढचं झाकण उघडलं तर सामानाची जागा, मागचं उघडलं तरी सामानाचीच जागा. इंजिन दोन्हींच्या मध्ये, सीटांच्या पाठीमागे दडलेलं. मागच्या डिकीत फक्त तेल आणि कूलंट ओतायची तोंडं हाताला लागतात. १९९३ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात या गाडीचा नमुना मांडला गेला आणि १९९६ मध्ये ती विक्रीला आली. सहा सिलिंडर समोरासमोर आडवे असलेलं बॉक्सर इंजिन आणि दोन आसनांची उघडी रोडस्टर, या दोन शब्दांतून तिचं नाव घडलं. नव्वदीच्या सुरुवातीला पोर्शेचे दिवस वाईट होते आणि कंपनी सावरली त्यात या गाडीचा वाटा मोठा होता. वजन मध्यभागी असल्यामुळे ती वळणावर जशी वळते तशी फार थोड्या गाड्या वळतात. पण पारखणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. आतलं सगळं त्याला बाहेरच्या खुणांवरून ओळखायचं असतं.

पहिली खूण कागदाची. मिस्त्रींनी आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. सतरा अक्षरांच्या या नंबरातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. 'ए' म्हणजे २०१०. अकरावं अक्षर कारखाना सांगतं. 'एस' असेल तर श्टुटगार्ट, 'यू' असेल तर फिनलंडमधलं उसिकाउपुंकी. तिथल्या वाल्मेट कंपनीने २०११ पर्यंत कितीतरी बॉक्स्टर जोडून दिल्या. ही गाडी 'यू' होती. पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्यातून एक चिठ्ठी चिकटवलेली असते. रंगाचा आणि गाडीवर घेतलेल्या जादा वस्तूंचा संकेत त्यावर छापलेला असतो. ती जागेवर होती आणि सर्व्हिस पुस्तकातल्या चिठ्ठीशी जुळत होती. ती नसती तर झाकण बदललेलं असण्याची शक्यता, आणि झाकण बदललं म्हणजे गाडी समोरून कुठेतरी आदळली असणार. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र त्यांनी सगळ्या पत्र्यावर फिरवलं. कारखान्याचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा. आकडा तीनशेच्या वर गेला तर दुसऱ्यांदा रंग मारलेला, हजाराच्या वर गेला तर खाली पुट्टी भरलेली. डाव्या दरवाजावर तीनशे वीस आलं. मालकाने न विचारता सांगितलं, पार्किंगमध्ये ओरखडा पडला होता. त्याच्या त्या सरळ बोलण्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला.

दरवाजाभोवतीच्या फटींवर मिस्त्रींनी बराच वेळ घालवला. बंद गाडीला छप्पर ताठ धरून ठेवतं. टपाच्या गाडीला तो आधार नसतो. तिचा सगळा कणखरपणा दरवाजाखालच्या पट्टीत आणि जमिनीच्या पत्र्यात असतो. तिथे एकदा जोरात मार बसला की गाडी पुन्हा पूर्ण सरळ होणं कठीण. फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसली, तर रंग कितीही चकचकीत असो, त्यांच्या लेखी ती गाडी संपली. इथे दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या होत्या.

इंजिनाबाबत नशीब बरं होतं, आणि हे नशीब सालात होतं. २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरांच्या इंजिनात एक मधला दांडा असतो आणि त्याच्या टोकाला एक बेअरिंग. ते निकामी झालं तर सगळं इंजिनच जायची पाळी येते. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या गाड्यांवरून यासाठी मालकांनी एकत्र येऊन दावा लावला होता आणि तो तडजोडीने मिटला. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात तो दांडाच राहिला नाही. या २.९ लिटरच्या, २५५ अश्वशक्तीच्या गाडीला म्हणून ती धास्ती नव्हती. जुनी बॉक्स्टर घेऊ पाहणाऱ्याने किमतीच्या आधी साल विचारावं, असं मला वाटतं. एखाद्या वर्षाच्या फरकात आतलं यंत्र बदलतं.

मग चावी फिरली. नळीतून निळसर धुराचा एक झोत आला आणि विरला. भावाचा चेहरा पडला. मिस्त्री मात्र शांत होते. बॉक्सर इंजिनात सिलिंडर आडवे असतात, गाडी बरेच दिवस उभी राहिली की थोडं तेल त्यांत झिरपतं आणि सुरू होताना जळतं. झोत येऊन गेला तर काळजी नाही. धूर येतच राहिला तर मात्र घरी जावं. त्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो तेव्हा खोली जशी गप्प होते, तसे आम्ही सगळे गप्प होतो.

"इंजिन ठीक आहे," ते म्हणाले. "आता पाणी बघू."

हे वाक्य मला त्या सकाळचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विकणारा नेहमी वेग दाखवतो, आवाज दाखवतो. उघड्या टपाच्या गाडीत आधी विचारायला हवं ते पाण्याबद्दल, आणि कोलकात्यात तर नक्कीच. न्यू टाउन वसलं ते राजारहाटच्या भातशेतीच्या आणि तळ्यांच्या जमिनीवर. दक्षिणेला पूर्व कोलकात्याची पाणथळ भूमी आहे. साडेबारा हजार हेक्टरांची ही जागा २००२ पासून रामसर यादीत आहे. पाण्याला इथल्या वाटा ठाऊक आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात, दुर्गापूजेच्या तोंडावर, कोलकात्यात चोवीस तासांच्या आत २५१ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरभर गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. बुडालेली गाडी धुऊनपुसून दुसऱ्या गावात विकायला येते, हे तो दिवस पाहिलेल्या मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

म्हणून मिस्त्रींनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. रोज वापरात न येणारा पट्ट्याचा शेवटचा हात-दीड हात कोणी धूत नाही, आणि पुराच्या पाण्याची रेघ तिथे राहते. रेघ नव्हती. सीटच्या रुळांचे बोल्ट पाहिले, गंज नव्हता. गालिचा उचलून खालच्या फोमवर मूठ दाबली. उजवीकडचा कोरडा होता. डावीकडचा किंचित दमट.

मालकाने पुन्हा पुन्हा सांगितलं, गाडी पुरात कधीच नव्हती. ते खरंच होतं. पाणी खालून आलं नव्हतं, वरून आलं होतं.

बॉक्स्टरचं कापडी टप मागे ज्या कप्प्यात घडी होऊन बसतं, त्याच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं असतात. टपावरचं पाणी त्या वाटेने गाडीच्या पोटातून खाली रस्त्यावर जातं. ही भोकं बुजली की पाणी कप्प्यात साचतं आणि आत उतरतं. पहिल्या पिढीच्या गाड्यांत तर कुलूप आणि चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक डबाच सीटखाली असायचा. त्यात पाणी शिरलं की गाडी स्वतःच्या चावीलाही ओळखत नाही. मोठं पान भोकात जात नाही. जातं ते गुलमोहराचं बारीक पान. इथे त्याला कृष्णचूडा म्हणतात. हिवाळ्यात त्याची पानगळ सुरू होते, आणि ही गाडी त्याखालीच उभी असायची.

आधी टप तीनदा उघडून मिटलं. मिस्त्री मागे उभे राहून दोन्ही बाजू एकदम हलतात का ते पाहत होते. मोटर एकच असते आणि दोन तारांमधून ती दोन्ही बाजूंना जोर पोचवते. एक तार झिजली किंवा प्लास्टिकची खोबणी तुटली की एक बाजू मागे राहते, टप तिरकं होतं आणि झाकणाचा पत्रा मुरगळतो. इथे दोन्ही बाजू बरोबर चालल्या. कापडाच्या घडीच्या रेषेवर अजून धागे दिसत नव्हते. मागची काच कापडापासून कुठे सुटलेली नव्हती.

पुढच्या बंपरच्या दोन जाळ्यांमधून टॉर्च मारली तेव्हा पानांचा आणि धुळीचा भरगच्च थर दिसला. रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर तिथेच, दोन कोपऱ्यांत असतात. ओला कचरा त्यांवर वर्षानुवर्षं बसून राहिला की ॲल्युमिनियम कुजतं. बंपर काढून साफ करणं अर्ध्या दिवसाचं काम. पण ते कोणी केलेलं नव्हतं, कारण गाडी फारशी चाललीच नव्हती. मीटरवर ३१ हजार किलोमीटर होते. जाहिरातीत हाच आकडा सगळ्यात ठळक होता.

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, या समजाने आपल्याकडे माणसांचे फार पैसे गेले आहेत. उभ्या गाडीत सीलं सुकतात, बॅटरी मरते, टायर एका जागी चपटे होतात. या गाडीच्या टायरांची नक्षी जवळपास नव्यासारखी होती, पण बाजूवरच्या चार आकड्यांत '२२१४' लिहिलं होतं. म्हणजे २०१४ सालचा बाविसावा आठवडा. अकरा वर्षांचं रबर नखाने दाबलं तर दाबलं जात नव्हतं. असल्या रबरावर ही ताकदीची गाडी पावसात नेणं जिवावरचं आहे. मिस्त्रींनी तिथेच सांगून टाकलं, चारही टायर बदलल्याशिवाय ते फेरी मारायला बसणार नाहीत. विश्व बांगला सरणीसारखा रुंद, सरळ रस्ता दोन मिनिटांवर होता, रविवारची सकाळ होती, भाऊ आणि मी दोघेही हिरमुसलो. पण ते बसले नाहीत. आवारातच पुढे-मागे, अगदी सावकाश चालवून त्यांनी दुहेरी क्लचचा गियरबॉक्स कुठे थरथरतो का एवढं पाहिलं आणि बाकीची फेरी नव्या टायरांवर करायची ठरवली. त्यांचं हे वागणं मला कोणत्याही यंत्राच्या आकड्यापेक्षा भरवशाचं वाटलं.

कागदांचा हिशेबही साधा नव्हता. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती नुकतीच संपून नूतनीकरणाला आली होती. एप्रिल २०२२ पासून परदेशातून आयात झालेल्या गाडीसाठी हे शुल्क ४० हजार रुपये आहे, आणि त्यातून मिळतात पाच वर्षं. गाडीवरच्या कर्जाची नोंद, म्हणजे हायपोथिकेशन, उतरवलेली होती. आयातीच्या वेळचं बिल ऑफ एंट्री मालकाने जपून ठेवलं होतं. आयात गाडीच्या फायलीत हा कागद नसेल तर पुढचं बोलणंच थांबवावं, कारण सीमाशुल्क चुकवून आलेली गाडी जप्त झाली तर ती शेवटच्या मालकाच्या दारातून जाते. व्यवहार दोन व्यक्तींमध्ये असल्याने जीएसटीचा प्रश्न नव्हता. डीलरकडून घेतली असती तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के लागले असते.

राहिला मीटर. आकडा मागे फिरवता येतो हे सगळ्यांना माहीत असतं. इंजिनाचा संगणक मात्र आपण किती तास चाललो हे वेगळं मोजत असतो आणि योग्य यंत्र जोडलं की ते तास वाचता येतात. किलोमीटरांना तासांनी भागलं की गाडीचा आयुष्यभराचा सरासरी वेग निघतो. कोलकात्यासारख्या शहरात तो पंचवीस-तीसच्या आसपास असणं पटतं. तो आठ-दहा निघाला तर किलोमीटर कुणीतरी खाल्ले आहेत. सोमवारी तास वाचून घ्यायला मालक तयार झाला.

शेवटी मिस्त्रींनी टप अर्धं उचलून ठेवायला सांगितलं आणि पाण्याची बाटली मागितली. उजव्या कोपऱ्यातल्या भोकात अर्धी बाटली सावकाश ओतली. आम्ही तिघेही सिमेंटवर वाकून गाडीखाली बघत होतो. आठ-दहा सेकंदांनी मागच्या चाकाच्या पुढे धार लागली. डावीकडे ओतलं. पाणी कप्प्यातच उभं राहिलं, हललं नाही. मिस्त्रींनी खिशातून गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी काढली. तिने आतली नळी फाटत नाही. ती हळूहळू आत सारत राहिले. वाटेत दोनदा अडली. बाहेर काढली तेव्हा तिला काळा गाळ आणि गुलमोहराची बारीक पानं चिकटली होती. मालक म्हणाला, पंधरा वर्षांत हे भोक मला कोणी दाखवलंच नाही.

सोमवारी संध्याकाळी भावाचा फोन आला. संगणकातले तास ११३० निघाले होते. त्याने टायर, साफसफाई आणि नोंदणीचा खर्च वजा करून आकडा सांगितला होता आणि मालकाने रात्रीपर्यंत वेळ मागितला होता. "दादा, गालिचा काढून वाळत घातलाय त्याने," भाऊ म्हणाला. "आणि गाडी झाडाखालून हलवलीय."