मिनिकॉय : बोडुकाकांचे बेट

सुट्टीच्या दिवसांत मुलांचा नकाशा हाताशी असला, तर वाचकांनी तो जरा उघडून पाहावा. केरळच्या पश्चिमेला अरबी समुद्रात लक्षद्वीपचे ठिपके दिसतील. त्यांतला अगदी दक्षिणेकडचा, बाकीच्या भावंडांपासून फटकून बसलेला ठिपका म्हणजे मिनिकॉय. कोचीपासून हे बेट सुमारे चारशे किलोमीटर दूर. लक्षद्वीपच्या इतर बेटांपासूनही नऊ अंशांच्या रुंद समुद्रपट्ट्याने ते तोडलेले. पलीकडे आठ अंशांचा पट्टा ओलांडला की परदेश, म्हणजे मालदीव! बेटाची लांबी दहा किलोमीटरांच्या आसपास, क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरांहूनही कमी, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती दहा हजारांच्या थोडी वर.

अशा जागी माणसे राहतात कशी, खातात काय, आणि त्यांच्या मुलाबाळांचे पुढे व्हायचे काय, हा प्रश्न आपल्यासारख्या शहरी संसारी माणसाला पडल्यावाचून राहत नाही.

पहिली गंमत अशी की, एवढ्याशा बेटावर एक गाव नसून दहा-अकरा गावे आहेत. बडा, औमगू, रम्मेडू, सेडिवालू अशी त्यांची नावे. गावाला तिथे 'अवा' म्हणतात. प्रत्येक अव्याचा एक पुरुष प्रमुख असतो, तो 'बोडुकाका'. आणि बायकांची एक प्रमुख असते, ती 'बोडुताता'. 'बोडु' म्हणजे मोठा. त्यापुढचा 'काका' ऐकून मराठी माणसाला एकदम घरच्यासारखे वाटते! गावाचे सामाईक घर असते, शर्यतीची रंगवलेली लांब होडी असते. होडी ओढायची, घर शाकारायचे, पाहुण्यांचे स्वागत करायचे, की सारा अवा हजर. बोडुकाकांची हाक हा तिथला कायदाच म्हणा ना!

घर मात्र बाईचे. धर्माने हे लोक मुसलमान, पण वंश मोजायचा तो आईकडून. आणि लग्नानंतर नवराच बायकोच्या घरी राहायला जातो. पुरुषांचा निम्मा जन्म समुद्रावर जायचा, तेव्हा घर सांभाळणारीच्या हाती घर दिले, यात शहाणपण नाही असे कोण म्हणेल?

इथली भाषा महल, म्हणजे मालदीवची दिवेही. लक्षद्वीपच्या इतर बेटांवर मल्याळमच्या घरातली बोली चालते. मिनिकॉयची भाषा मात्र आपल्या मराठीच्याच आर्य कुळातली. एकाला ते 'एके' म्हणतात, तिनाला 'तिने' आणि मासळीला 'मस'. आम्हां भाषेच्या मास्तरांना याचे अप्रूप वाटणारच! लिपी थाना, ती उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि तिची पहिली नऊ अक्षरे चक्क अरबी आकड्यांवरून घडवलेली आहेत.

पण भाषेने पोट भरत नाही. पोट भरते ते 'मस'. इथला मुख्य मासा ट्यूना, आपल्या कोकणातल्या कुप्याचा जातभाई. तो जाळ्याने ओढत नाहीत. गळकाठीने एकेक पकडतात. प्रवाळाच्या कड्याने बेटाच्या पश्चिमेला एक उथळ, शांत पाणी अडवून धरले आहे. त्याला लगून म्हणतात. कोळी आधी त्या लगूनमधून बारीक मासे धरतात आणि होडीतल्या पाण्याच्या कप्प्यात जिवंत ठेवतात. मग बाहेर खोल समुद्रात जायचे, पाखरांचे थवे पाहून ट्यूनाचा कळप हेरायचा, आणि मूठमूठ चारा फेकून वर पाण्याचे शिंतोडे उडवायचे. कळप वर उसळला की होडीच्या मागच्या बाजूला ओळीने उभे राहून गळ टाकायचा. गळाला उलटा काटा नसतो. मासा हवेतून उडत येतो आणि होडीत पडताच आपोआप सुटतो. यात नको ती मासळी मरत नाही, पिल्लांचा संहार होत नाही. जगभरचे जाणकार आज जी पद्धत नावाजतात, ती हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत.

आणलेला मासा चिरून खाऱ्या पाण्यात उकडतात, धुरावर धरतात आणि उन्हात वाळवतात. शेवटी तो लाकडासारखा टणक होतो. हा 'मसमीन'. आपल्या घरी पावसाळ्यासाठी सुके बोंबील असतात ना, तशीच ही बेटाची बेगमी. आणि बेटाचा व्यापारही हाच. साठच्या दशकात यंत्राच्या होड्या आल्या, १९६९ साली ट्यूना डबाबंद करण्याचा कारखाना निघाला. दुसरी मोठी कमाई बोटींवरची. मिनिकॉयचे खलाशी जगभरच्या व्यापारी जहाजांवर नोकरी करतात. एके काळी कोकणातल्या घरांना मुंबईच्या मनिऑर्डरीचा जसा आधार होता, तसा इथे दर्यावरच्या पगाराचा.

आता भविष्याकडे वळू. १८८५ साली उभारलेला दीपस्तंभ कित्येक वर्षे या बेटाचे सर्वांत उंच वैभव होता. आता इतरही बरेच काही आले आहे. गोड्या पाण्याची पंचाईत तर जुनीच. पावसाचे पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. जास्त उपसले की विहीर खारी झालीच म्हणून समजा. यावर २०११ साली एक नामी उपाय आला. समुद्राच्या वरच्या उबदार पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची, आणि खोलवरचे थंड पाणी वर आणून त्याच्या गारव्याने ती वाफ निववायची. या यंत्राची क्षमता रोज एक लाख लिटर गोड्या पाण्याची आहे. २०२२ साली इथल्या थुंडी किनाऱ्याला स्वच्छतेचा 'ब्लू फ्लॅग' मिळाला. २०२४ च्या जानेवारीत कोचीहून समुद्रतळावरून टाकलेली दूरसंचाराची तार सुरू झाली, आणि मार्चमध्ये 'आय. एन. एस. जटायू' हा नौदलाचा तळ आला.

हे सारे चांगलेच. आजारी माणसाला मुख्य भूमीवरच्या डॉक्टरशी बोलता यावे, शिकलेल्या मुलीला घरबसल्या काम मिळावे, असे कोणाला वाटणार नाही? लक्षद्वीपची साक्षरता २०११ मध्येच जवळजवळ ९२ टक्के होती. शिकलेली मुले केवळ मसमीन वाळवीत बसणार नाहीत, हे उघड आहे.

पण एक गोष्ट विसरता येत नाही. बेट समुद्राहून जेमतेम एक-दोन मीटर उंच. त्याला लाटांपासून वाचवतो तो प्रवाळाचा कडा, आणि ट्यूनासाठी लागणाऱ्या बारीक माशांच्या कित्येक जाती आसऱ्याला राहतात त्याही प्रवाळातच. समुद्र तापला की प्रवाळ पांढरा पडून मरू लागतो. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली लक्षद्वीपने हे पाहिले. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाने या बेटालाही तडाखा दिला. म्हणजे प्रवाळ गेला तर चारा जाईल, चारा गेला तर मस जाईल. आणि कडा खचला तर विहीर, माड आणि घर यांचा भरवसा कोणी द्यायचा?

म्हणून मिनिकॉयच्या भाग्याचा हिशेब लगूनपासून मांडला पाहिजे. पर्यटक यावेत, पण त्यांच्या सोयीसाठी प्रवाळ फोडला जाऊ नये. धक्का व्हावा, पण त्याच्या भरावाने पाणी गढूळ होऊ नये. आणि हा हिशेब मांडताना दूरच्या कचेरीतल्या साहेबाइतकाच बोडुकाकांचा आणि बोडुतातांचाही शब्द मोजला जावा. हजार मैलांवर बसून आपण एवढे तरी करू शकतो. पुढे कधी सहलीच्या जाहिरातीत निळे पाणी आणि पांढरी वाळू दिसली, तर 'भाडे किती?' या प्रश्नाआधी 'तिथल्या लोकांनी काय ठरवले आहे?' हा प्रश्न विचारावा. ते पाणी कोणाच्या तरी रोजच्या जेवणाचे ताट आहे.