मुलाचा कॉम्प्युटर घरी जुळवताना

कुकरची रिंग आणायला निघालं की आपण काय करतो? जुनी रिंग पिशवीत टाकून दुकानात नेतो. "पाच लिटरची द्या" एवढं सांगून भागत नाही. कंपनी निराळी निघाली, की रिंग बसल्यासारखी दिसते, पण वाफ सगळी बाजूनं जाते आणि शिटी काही होत नाही. हा धडा आपण प्रत्येकीनं एकदा तरी पैसे मोजून घेतलेला असतो. मला तो गेल्या दिवाळीत पुन्हा घ्यावा लागला. या खेपेला रिंग नव्हती, मुलाच्या कॉम्प्युटरची मेमरी होती.

झालं असं. आमचे चिरंजीव आठवीत गेल्यापासून एकच धोशा लावून बसले होते, "आई, गेम्स चालतील असा कॉम्प्युटर मला घरी जोडायचाय." सुटे भाग आणून जोडला तर प्रत्येक भाग आपल्या पसंतीचा निवडता येतो आणि पुढंमागं तेवढाच बदलता येतो, हे त्याचं म्हणणं मला पटलं. ह्यांना पटलं नाही. "खेळण्यासाठी एवढे पैसे?" असा त्यांचा सरळ सवाल. शेवटी तह झाला. माझे भिशीचे पैसे, वाढदिवसांना नि पाहुण्यांनी हातावर ठेवलेले त्याचे पैसे आणि उरलेली भर ह्यांची. शिवाय शाळेच्या दिवशी एक तासावर खेळायचं नाही, ही अट.

दिवाळीआधी गावातल्या एका दुकानात मेमरी स्वस्त मिळत होती. मुलगा म्हणाला, "आई, थांब, आधी बोर्ड ठरू दे." मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "अरे, मेमरी ती मेमरी! सोळा जीबी हवी ना तुला? मग घेऊन टाक." त्यानं आपल्या साठवलेल्या पैशांतून ती घेतली. बाकीचे भाग आम्ही सुट्टीत नणंदबाईंकडे मुंबईला गेलो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून आणले. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण तोंडी सगळ्यांच्या लॅमिंग्टन रोडच.)

घरी येऊन जेवणाचं टेबल पुसून जोडायला बसलो, तर मेमरीची पट्टी खाचेत बसेचना. पोरानं जोर लावला तशी मी त्याचा हात धरला. पट्टीच्या कडेला एक चीर असते आणि खाचेत तिच्याशी मिळता एक दात असतो. आमची चीर एकीकडे आणि दात दुसरीकडे! पट्टी होती डीडीआर ४ जातीची आणि बोर्ड डीडीआर ५ चा. पाकीट फोडलेलं असल्यामुळं दुकानदारानं ते परत घेतलं नाही. त्याला तरी काय बोलणार? मुलगा मला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. त्या वहीत जे उतरलं, ते मैत्रिणींनो, तुमच्यापुढं ठेवते. कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही म्हणून आपण बाजूला होतो आणि पैसे मात्र आपल्या हातून जातात. वास्तविक हा शाळेतला 'जोड्या लावा'चा प्रश्न आहे. खोक्यावरची अक्षरं नीट वाचता आली, की निम्मं काम झालं.

पडद्यापासून सुरुवात

पहिला प्रश्न मुलाला विचारा, "कोणते खेळ आणि कोणत्या पडद्यावर?" खेळासाठी सर्वांत जास्त पैसा ग्राफिक्स कार्डावर जातो आणि कार्ड किती मोठं घ्यायचं हे पडद्यावर ठरतं. १९२० बाय १०८० ठिपक्यांचा साधा पडदा असेल तर मधल्या दर्जाचं कार्ड पुरतं. पडदा ६० हर्ट्झचा असेल, तर सेकंदाला साठाहून जास्त चित्रं तो दाखवूच शकत नाही. मग भारी कार्डाचा पैसा वायाच. उलट १४४ हर्ट्झचा पडदा आणि दुबळं कार्ड, तेही व्यर्थ. दोन्ही बरोबरीची हवीत.

प्रोसेसर आणि बोर्ड

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं आणि मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात तो पाट. प्रोसेसरच्या बैठकीला सॉकेट म्हणतात आणि तिचं नाव दोन्ही वस्तूंच्या माहितीत दिलेलं असतं. ते अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या नि चौदाव्या पिढीची बैठक एलजीए १७००. २०२४ साली आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेची एलजीए १८५१. हे आकडे म्हणजे प्रोसेसरच्या पोटाशी असलेल्या टोकांची संख्या, तेव्हा एकाच्या जागी दुसरा बसणार कसा? एएमडी कंपनीच्या रायझन ५००० पर्यंतच्या प्रोसेसरांना एएम ४ बैठक लागते. २०२२ साली आलेल्या ७००० मालिकेपासून पुढं एएम ५.

बैठक जुळली तरी एक अडचण राहते. बोर्ड आधी बनलेला आणि प्रोसेसर नंतर आलेला असेल, तर बोर्डातली मूळ आज्ञावली, म्हणजे बायॉस, त्या प्रोसेसरला ओळखत नाही. ती अद्ययावत करून घ्यावी लागते. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डाच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि कोणतं बायॉस लागेल तेही तिथं लिहिलेलं असतं. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला विचारावे, "ह्यातलं बायॉस ह्या प्रोसेसरला चालेल एवढं नवं आहे ना?" नसेल तर त्याच्याकडूनच करून घ्यावे.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, तर त्यात स्वतःची चित्रं दाखवण्याची सोय नसते. वेगळं कार्ड बसवेपर्यंत पडदा काळाच राहणार.

मेमरी: माझी चूक इथं झाली

एएम ५ आणि एलजीए १८५१ या बैठकींच्या बोर्डांना फक्त डीडीआर ५ मेमरी चालते. एएम ४ ला डीडीआर ४. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन्ही जातींत मिळतात आणि पुष्कळदा नाव तेच, शेवटी फक्त 'डी ४' एवढंच जास्त. तिथं डोळ्यांत तेल घालून वाचावे. दोन्ही पट्ट्यांची टोकं २८८ च असतात, लांबीही सारखीच दिसते. फरक काय तो त्या चिरेचा.

लॅपटॉपची मेमरी आखूड असते, ती इथं बसत नाही. सोळा जीबी हवी असेल तर सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी काम चालून खेळ जास्त सुरळीत होतो. बोर्डाला चार खाचा असतील, तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी भरायची असते, पण बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून घ्या. मेमरीचे भाव सोन्यासारखे खालीवर होतात. २०२५ च्या अखेरीस तर ते फारच भडकले. म्हणून चुकीची पट्टी पूर्वीपेक्षा महागात पडते.

वीज: बेरीज हातानं करा

मला सर्वांत सोपी वाटलेली गोष्ट हीच, कारण ती निव्वळ बेरीज आहे. आमचं उदाहरण घ्या. रायझन ५ ७६०० या प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेलं असलं, तरी जोरात चालताना तो ८८ वॉटपर्यंत घेतो. आरटीएक्स ५०६० हे ग्राफिक्स कार्ड १४५ वॉट. बोर्ड, मेमरी, साठवणीची एसएसडी आणि पंखे मिळून ७० धरा. बेरीज झाली ३०३. या कार्डासाठी कंपनी ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगते, तो घेतला की चांगला हात राखून होतं.

ह्या डब्यावर काटकसर करू नये. बिननावाचा स्वस्त सप्लाय बिघडला, तर जाताना बाकीच्या भागांना घेऊन जाऊ शकतो. कार्डाला लागणारी जोडणी सप्लायला आहे ना, हेही पाहा. प्रोसेसरची आठ टोकांची वायर आणि कार्डाची आठ टोकांची वायर दिसायला बहिणी-बहिणी वाटतात, पण एकीच्या जागी दुसरी घालायची नसते. एका सप्लायच्या सुट्या वायरी दुसऱ्याला तर कधीच लावू नयेत. टोक बसतं, पण आतली जोडणी निराळी असू शकते आणि भाग जळतात.

यूपीएस घेणार असाल, तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हेत, ते साधारण ३६० वॉट भरतात. आमच्या बेरजेत पडदा मिळवला की ते काठावर येतं, म्हणून आम्ही एक हजार व्हीएचा घेतला. आणि वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग आधी तपासून घ्या. पत्र्याच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा भिंतीत असतो.

पेटी आणि टेप

काचेची, दिव्यांची पेटी बघून मुलं भुलतात. आपण टेप हातात घ्यायची. मोठा, म्हणजे एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ चा. लहान बोर्ड मोठ्या पेटीत बसतो, मोठा लहान पेटीत नाही. मग कार्डाची लांबी आणि पेटीत कार्डाला असलेली जागा, प्रोसेसरवरच्या पंख्याची उंची आणि पेटीची त्यासाठीची मर्यादा, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. खोक्यातून येणाऱ्या रायझन ५ ७६०० बरोबर पंखा मिळतो, म्हणून आम्हाला तो वेगळा घ्यावा लागला नाही.

सगळी यादी एका कागदावर उतरवून, जोड्या लावून, मगच पैसे काढा. बिल पक्कं घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि खोकी माळ्यावर ठेवा. पुढं हमीचं काम निघालं तर हाच आधार.

आता आमचं पुढं काय झालं ते सांगते. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या जुन्या कॉम्प्युटरला डीडीआर ४ मेमरी हवीच होती. त्यांनी ती थोड्या कमी किमतीत घेतली, उरलेली भर मी घातली आणि मुलाचे पैसे त्याचे त्याला दिले. नवी पट्टी आली, बसली, खट् असा आवाज झाला. बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळा. एक मिनिट गेलं, दोन गेली. हे दारात उभे, काही न बोलता. मुलाचा हात बटणाकडं गेला. मी म्हटलं, "थांब. पहिल्यांदा चालू करताना हा बोर्ड नव्या मेमरीची ओळख करून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. मी वाचलंय."

तो थांबला. 'मेमरी ती मेमरी' म्हणणाऱ्या आईचं ऐकून थांबला, याचंच मला अप्रूप. आणखी थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं उमटली, तेव्हा ह्यांनीच आधी टाळी वाजवली.

माझी वही आता शेजारच्या वहिनींकडे गेली आहे, त्यांच्या लेकीला असाच कॉम्प्युटर जोडायचाय. पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय: 'आधी बोर्ड ठरवा, मग मेमरी.'