डोंगर नसलेल्या गावातले किल्ले

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी महाराष्ट्रातील आणि बेळगावकडील मुले अंगणात, बोळात किंवा इमारतीच्या जिन्यालगत दगड-मातीचा जो लहानसा किल्ला उभारतात आणि त्यावर मातीचे मावळे मांडतात, त्याच्याकडे सणातला एक गोड प्रघात म्हणूनच पाहण्याची सवय असल्यामुळे त्याची गणना ना हस्तकलेत होते, ना खेळात. वस्तुतः परदेशी छंदिष्टांमध्ये ज्याला युद्धखेळ म्हणतात, म्हणजे टेबलावर मांडलेली रणभूमीची प्रतिकृती, तिच्यावर ठरावीक उंचीचे सैनिक आणि नियमांनुसार चालणारी लुटुपुटूची लढाई, त्या खेळाच्या तीन अंगांपैकी पहिली दोन या किल्ल्यात पुरेपूर असतात. नसतात ते फक्त नियम. सोलापूर शहरातील किल्ल्यांचा विचार करताना यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते, ती अशी की हे शहर सपाट माळावर वसलेले आहे, त्याच्या मध्यावर दुहेरी तटाचा अस्सल भुईकोट उभा आहे, आणि तरीही येथील मुलांच्या हातून दरवर्षी घडतो तो रायगड, राजगड किंवा प्रतापगड.

युद्धाचा पटावर खेळ करण्याची कल्पना भारताला परकी नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून नाव मिळालेल्या चतुरंगातूनच बुद्धिबळ जगभर गेले, आणि त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या अवघी चार वर्षे आधी. मात्र बुद्धिबळाच्या पटावर ना नदी असते, ना टेकडी. ती उणीव प्रशियात भरून निघाली. तेथील राइसविट्झ नावाच्या सरदाराने १८१२ साली राजाला दाखवलेला युद्धखेळ त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणून बसवला. दोन्ही पक्षांच्या चाली पंचाकडे जात, आणि मारा किती परिणामकारक झाला हे फासे टाकून ठरत असे. सैन्याच्या शिक्षणासाठी निघालेल्या या साधनाला घरगुती करमणुकीचे रूप दिले ते एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने, ज्याच्या १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात जमिनीवर मांडलेले शिशाचे सैनिक स्प्रिंगच्या तोफेतून सुटणाऱ्या लाकडी गोळ्यांनी खरोखरच आडवे केले जातात. ब्रिटनमध्ये या छंदाची आज वार्षिक प्रदर्शने भरतात, आणि त्यांत नुसते पाहण्यासाठी मांडलेले सामने, येणाऱ्याला हात घालू देणारे सामने आणि सैनिक, रंग, झाडे विकणारी दुकाने अशी शेजारी-शेजारी मांडणी असते.

सोलापुरी किल्ल्याला दुकानाची गरज फारच थोडी लागते, पण मातीचा विचार मात्र बारकाईने करावा लागतो. या भागातील काळी माती ओली असताना लोण्यासारखी हाताला येते आणि वाळताना आकसून तडकते, म्हणून नुसत्या काळ्या मातीचा कडा दोन उन्हे खाल्ली की भेगाळतो आणि तिसऱ्या दिवशी त्याचे पोपडे सुटू लागतात. यावरचा उपाय जुन्या धाब्याच्या घरांनी कधीच शोधून ठेवलेला आहे: मातीत मुरूम मिसळायचा, कडब्याचा बारीक भुसा कालवायचा आणि चिखल एक रात्र मुरू द्यायचा, म्हणजे भुशाचे तंतू मातीला धरून ठेवतात. आतला सांगाडा विटा, फुटक्या फरश्या आणि दगडांचा असतो. त्यावर गोणपाट पातळ चिखलात बुडवून पांघरले जाते, आणि त्याला पडणाऱ्या चुण्या जशाच्या तशा राहू दिल्या तर सह्याद्रीच्या घळी आपोआप तयार होतात. हात फिरवून त्या सपाट करणाऱ्या नवशिक्याचा किल्ला शेवटी वारुळासारखा दिसतो.

हिरवळीचे गणित दिवसांचे असते. हळीव किंवा मोहरी ओल्या मातीवर दाट पेरली की तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि आठवड्याने ते उंच होऊन लोळू लागतात, त्यामुळे पेरणी फार लवकर झाली तर ऐन लक्ष्मीपूजनाला गड पिवळा पडतो, उशिरा झाली तर बोडका राहतो. पाणी घालायचे ते ओंजळीतून शिंपडून, कारण धार लागली की बी वाहून पायथ्याशी गोळा होते. पावसाचेही सांगता येत नाही. सोलापूरच्या वर्षभराच्या पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, आणि दिवाळी लवकर आलेल्या वर्षी परतीच्या पावसाची एखादी सर प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकलेल्या गडाचीही माची खचवून जाते. पायथ्याशी परातीचे तळे करून त्यात कारंजे उडवायचे असेल तर सलाइनची रिकामी बाटली खिडकीच्या गजाला टांगली जाते आणि तिची नळी मातीखालून तळ्यात काढली जाते. बाटली जितकी उंच, तितकी धार जोरात, हा पदार्थविज्ञानाचा धडा शाळेत येण्याआधीच अनेकांना येथे मिळालेला असतो.

किल्ल्याच्या अवयवांना मराठीत नेमके शब्द आहेत आणि ते मुलांच्या तोंडी असतात, ही या प्रघाताची भाषेवरची मोठीच मेहेरबानी म्हणावी लागेल. डोंगरमाथ्याच्या खालच्या अंगाला तटाने बांधून काढलेला सपाट पट्टा म्हणजे माची, तिच्याही वर असलेले शेवटचे आश्रयस्थान म्हणजे बालेकिल्ला, तटावरून बंदूक रोखण्यासाठी ठेवलेली तिरपी भोके म्हणजे जंग्या, दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांनी बसायची जागा म्हणजे देवडी, आणि दोन बुरुजांच्या कवेत दडवून शत्रूला शेवटच्या वळणापर्यंत दिसू न देणाऱ्या प्रवेशद्वाराची रचना म्हणजे गोमुखी. राजगड करायला घेतलेल्या मुलाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या तीन दिशांना काढाव्या लागतात, आणि त्या काढताना मधल्या बालेकिल्ल्यासाठी जागाच उरत नाही, ही अडचण बहुतेकांना पहिल्या वर्षी येतेच.

मावळे येतात बाजारातून. दोन फाळ्यांच्या साच्यात माती दाबून काढलेले, वाळवून रंगवलेले हे सैनिक दिवाळीच्या तोंडावर पणत्यांच्या शेजारी मांडलेले असतात, आणि त्यांच्यात ढाल-तलवारवाला, भालदार, तुतारीवाला, तोफ आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज यांच्याबरोबर गवळण, भाजीवाली, शेतकरी आणि वाघ हेही तितक्याच मानाने विकले जातात. प्लास्टर आणि प्लॅस्टिकच्या मूर्तींनी मातीच्या मावळ्याची जागा बरीच घेतली आहे. त्या फुटत कमी असल्या तरी साच्याच्या जोडावर हाताने खरवडलेली रेघ आणि प्रत्येक चेहऱ्यावर निराळी उमटलेली मिशी त्यांच्यात सापडत नाही.

या मांडणीवर हटकून घेतला जाणारा आक्षेप प्रमाणाचा असतो: महाराज दरवाजापेक्षा उंच, वाघ हत्तीएवढा आणि गवळण बुरुजाला टेकलेली. हिशेब करून पाहिला तर हा दोष अटळ असल्याचे दिसते. सहा सेंटिमीटर उंचीचा मावळा म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण १:२७ प्रमाण. त्या मापाने दहा मीटरचा बुरूज ३७ सेंटिमीटरचा होतो, जो अंगणात सहज मावतो, पण दोनशे मीटरचा कडा मात्र सात मीटरांहून उंच, म्हणजे दुमजली घराएवढा करावा लागेल. युद्धखेळाच्या छंदिष्टांनी हीच अडचण उघडपणे मान्य करून सैनिकांचे प्रमाण एक आणि जमिनीचे प्रमाण वेगळे असा दुहेरी संकेत स्वीकारला आहे, आणि २८ मिलिमीटरच्या सैनिकासमोर पसरलेले टेबलभर रान प्रत्यक्षात कित्येक पट मोठे आहे असे ते धरून चालतात. अंगणातल्या किल्ल्याचा संकेत अगदी हाच आहे, फक्त तो कोणी लिहून ठेवलेला नाही.

मग येथे लढाई का होत नाही, हा प्रश्न उरतो. मराठी घरातील मुलांना नियमांचे वावडे आहे असे मुळीच म्हणता येणार नाही, कारण त्याच सुट्टीत, त्याच घरात कॅरमचा बोर्ड बाहेर निघतो आणि त्यावर नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्या आणि एक लाल राणी यांच्यावरून, स्ट्रायकर रेषेला टेकला की नाही आणि राणीला कव्हर मिळाले की नाही यावरून, पंचालाही लाजवील इतका काटेकोर वाद चालतो. ब्रिटनमध्ये १९४०च्या दशकाअखेरीस निघालेल्या सबुटिओ या टेबल-फुटबॉलमध्ये गोलसर बुडाचे खेळाडू ज्या टिचकीने ढकलतात, ती टिचकी आणि कॅरमची टिचकी यांत फारसा फरक नाही. तेव्हा टेबलावरच्या मैदानी खेळाची हौस दोन्हीकडे सारखीच आहे. किल्ल्याचे तसे नाही. तेथे शत्रूचे सैनिक बाजारात मिळतच नाहीत, आणि ज्या रणात एकच पक्ष हजर आहे तेथे फासे कोणावर टाकणार? मावळा पहाऱ्यावर उभा राहतो आणि भाऊबीजेपर्यंत उभाच राहतो. तेलुगू आणि कन्नड मुलखांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडण्याची जी रीत आहे, तिच्याशी या किल्ल्याचे नाते युद्धखेळापेक्षा जवळचे आहे, आणि मराठीबरोबर या दोन्ही भाषा घराघरांत बोलणाऱ्या सोलापुरात ते नाते दाखवण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. हे मांडणे आहे, खेळणे नाही. त्याचा आनंद बांधण्यात आणि दाखवण्यात संपतो.

दाखवण्याच्या बाबतीत मात्र हा प्रघात परदेशी प्रदर्शनांच्या नेमका उलट चालतो. तेथे रणभूमी खोक्यांत भरून, मोटारीतून आणून सभागृहातील टेबलावर जोडली जाते, येथे किल्ला जमिनीला चिकटलेला असल्यामुळे किल्ल्यांच्या स्पर्धांतील परीक्षकांना गल्लोगल्ली फिरावे लागते. स्पर्धांमुळे किल्ल्यांत अभ्यास आला, नकाशे आणि उपग्रहचित्रे पाहून माच्यांचे आकार जुळवले जाऊ लागले, हे खरे. त्याबरोबर मोठ्यांचे हात मातीत इतके खोल गेले की काही ठिकाणी मुलांकडे केवळ माहिती सांगण्याचे काम उरले, हेही खरे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजीचा. यामुळे साल्हेर आणि खांदेरीसारखी एरवी अंगणात क्वचित येणारी नावेही मुलांच्या कानी पडली. त्या बारांत गिरिदुर्ग आहेत, जलदुर्ग आहेत. सपाटीवरचा भुईकोट मात्र एकही नाही.

सोलापूर जिल्ह्याचा दुर्गवारसा नेमका भुईकोटांचा आहे. डोंगराच्या उंचीचे संरक्षण नसल्यामुळे भुईकोटाला सगळी ताकद माणसाने बांधून द्यावी लागते: बाहेर खंदक, त्याच्या आत ठेंगणा तट, त्याच्याही आत उंच तट, आणि दोन तटांच्या मधला तो चिंचोळा पट्टा ज्यात शिरलेला शत्रू वरून टिपला जावा. सोलापूरच्या किल्ल्याने यात पूर्वेकडच्या सिद्धेश्वर तलावाचा उपयोग करून घेतला आहे. बहमनी काळापासूनचा हा कोट विजापूर आणि अहमदनगर या दोन शाह्यांमध्ये इतका वादाचा ठरला की सोळाव्या शतकात तो लग्नातील हुंड्याचा विषय झाला आणि चांदबिबीच्या विवाहात विजापूरकडे गेला. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रो याच्या फौजेने आधी पेठ जिंकली, मग कोटावर तोफा लावल्या, आणि काही दिवसांतच किल्ला शरण आला. युद्धखेळाला लागते ते सारे या वेढ्यात आहे: दोन पक्ष, मर्यादित दिवस, तळे, खंदक, पेठ आणि तोफांचा पल्ला. तरीही तो कोणाच्या अंगणात उभा राहत नाही. इतकेच कशाला, याच जिल्ह्यातील अकलूजच्या भुईकोटात शिवचरित्रातील प्रसंगांची शिवसृष्टी उभारलेली आहे, म्हणजे खुद्द भुईकोटातही मन ओढ घेते ते सह्याद्रीकडेच.

ही ओढ समजण्यासारखी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. शिवाय मुलाच्या दृष्टीने डोंगर चढता येतो, त्याला गुहा करता येते आणि गुहेत वाघ ठेवता येतो. सपाट चौकोनी कोटात वाघाला जागा नाही. तरीही भुईकोट बांधायला माती कमी लागते, उंचीचे प्रमाण जवळजवळ खरे ठेवता येते आणि सहा सेंटिमीटरच्या मावळ्यामागे खऱ्या उंचीचा बुरूज उभा करता येतो, जे कोणत्याही गिरिदुर्गाला साधत नाही. तेव्हा सोलापुरात किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी येत्या दिवाळीत एक बक्षीस भुईकोटासाठी राखून ठेवावे, आणि मुलांनी माती कालवण्याआधी एक सकाळ सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून समोरचे बुरूज मोजण्यात घालवावी; तलावासाठी परात पूर्वेच्या बाजूला ठेवायची, एवढे लक्षात असू द्यावे.