जुन्या मोटरबोटींचे पुनरुज्जीवन व देखभाल : गोदाकाठच्या जालना जिल्ह्याच्या संदर्भात

सारांश

समुद्रकिनारा नसलेल्या जालना जिल्ह्यात मोटरबोटीचा उपयोग प्रामुख्याने पुराच्या वेळी होतो. वर्षातील बहुतेक काळ अशी बोट कोरड्या जागी उभी असते. विहारासाठी बांधलेल्या जुन्या मोटर यॉटची दुरुस्ती व जपणूक करण्याचे जे शास्त्र जगभर विकसित झाले, ते मुख्यतः दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या नौकेचे शास्त्र आहे. त्यातील कोणती तत्त्वे गोदाकाठच्या बोटींना लागू पडतात आणि कोणत्या ठिकाणी त्यांत बदल करावा लागतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. दुरुस्ती पावसाळ्याच्या तोंडावर न करता पावसाळा संपताच करावी, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष आहे.

१. प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरी नदीने आखलेली आहे. अंबड, घनसावंगी व परतूर हे तालुके या नदीच्या उत्तर तीरावर वसलेले असून पलीकडे बीड जिल्हा आहे. नदीच्या वरच्या अंगाला पैठण येथे १९७६ साली पूर्ण झालेले जायकवाडी धरण आहे. धरण भरले आणि पाणलोट क्षेत्रात पाऊस सुरूच राहिला, की विसर्ग वाढविणे अपरिहार्य ठरते. ऑगस्ट २००६ आणि सप्टेंबर २०२५ या दोन्ही वेळी गोदाकाठच्या गावांनी याचा दाहक अनुभव घेतला. शेते, रस्ते व लहान पूल पाण्याखाली गेल्यावर वस्त्या तुटतात. अशा वेळी रुग्ण, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुले यांना बाहेर काढण्यासाठी बोट हेच साधन उरते.

ही बोट त्या दिवशी चालली पाहिजे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. परंतु पूर दरवर्षी येतोच असे नाही. दोन-तीन वर्षे न वापरलेली बोट अचानक पाण्यात उतरविण्याचा प्रसंग येतो आणि तिचे खरे स्वरूप तेव्हाच उघड होते. म्हणून तिच्या देखभालीचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

२. मोटर यॉटचे शास्त्र आणि गोदाकाठची बोट

मोटर यॉट म्हणजे राहण्याची सोय असलेली, इंजिनावर चालणारी विहारनौका. थंड देशांत अशा नौका हिवाळ्यात पाण्याबाहेर काढून झाकून ठेवतात आणि वसंत ऋतूत पुन्हा पाण्यात सोडतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या नौकाही या पद्धतीने चालू स्थितीत राखल्या जातात. तेथील अनुभवी कारागिरांचा दंडक असा, की नौका बाहेर काढली त्याच आठवड्यात तिचे इंधन, तेल, पाणी व बॅटरी यांची व्यवस्था लावायची. वापराने होणाऱ्या झिजेपेक्षा उभ्या नौकेतील साचलेले पाणी व शिळे इंधन अधिक घातक ठरते.

कोकणातही हेच सूत्र वेगळ्या रूपाने आढळते. जून व जुलै महिन्यांत मासेमारी बंद असते. त्या काळात मच्छीमार आपल्या नौका किनाऱ्यावर ओढून घेतात, फळ्यांचे सांधे भरतात, तळ रंगवितात, इंजिन उघडतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा समुद्राकडे वळतात. कोकणातील नौका पावसाळ्यात विसावते आणि कोरड्या ऋतूत राबते. गोदाकाठच्या बोटीचा क्रम याच्या नेमका उलट आहे. ती पावसाळ्यात सज्ज असावी लागते आणि ऑक्टोबर ते मे या काळात उभी असते. म्हणून किनाऱ्यावरचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून चालत नाही.

आणखी एक भेद पाण्याचा आहे. खाऱ्या पाण्यात धातूंची झीज रोखण्यासाठी बोटीच्या बुडणाऱ्या भागावर जस्ताचा बलिदानी तुकडा बसवितात. तो स्वतः झिजतो व इंजिनाचा धातू वाचवितो. गोड्या पाण्याची विद्युतवाहकता कमी असल्यामुळे तेथे जस्त पुरेसे काम करीत नाही. त्याऐवजी मॅग्नेशियमचा तुकडा वापरणे योग्य ठरते. समुद्रासाठी तयार झालेले इंजिन नदीत वापरताना ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

३. कवचाची तपासणी व दुरुस्ती

जुनी बोट दुरुस्त करावी की निकालात काढावी, हा निर्णय रंगरूपावरून घेता येत नाही. फायबरच्या बोटीचा चमकदार बाह्य थर उन्हाने खडूसारखा भुरभुरीत झाला असला तरी आतील काचतंतूंचे थर शाबूत असू शकतात. उलट, नवा रंग दिलेली बोट आतून कुजलेली असू शकते. त्यामुळे तपासणीत पुढील तीन बाबींना प्राधान्य द्यावे.

पहिली बाब म्हणजे इंजिन ज्यावर टांगले जाते ती मागील भिंत. अनेक जुन्या बोटींत तिच्या आत प्लायवूड असते. इंजिनाचे बोल्ट ज्या छिद्रांतून जातात, तेथून पाणी झिरपून हे लाकूड कुजते. लहान हातोडीने ठोकल्यावर निरोगी भागाचा आवाज टणक येतो, कुजलेल्या भागाचा बद्द येतो. इंजिन वर उचलून त्यावर हाताने जोर दिला असता भिंत हलताना दिसली, तर तिचा गाभा काढून नवा बसविल्याशिवाय ती बोट वापरू नये.

दुसरी बाब तळाखालील पोकळीची. बोट उलटली तरी बुडू नये म्हणून या पोकळीत फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षे पाणी मुरल्यास हा फोम जड होतो. शंभर लिटर पाणी मुरले तर बोटीचे वजन शंभर किलोंनी वाढते. म्हणजे दीड माणसाचा भार ती रिकामी असतानाच वाहत असते आणि तिच्यावर लिहिलेली प्रवासीसंख्या खोटी ठरते. बोट वजनकाट्यावर नेऊन तिचे वजन मूळ वजनाशी ताडून पाहणे, ही यावरची सर्वांत साधी परीक्षा होय. ऊस आणि कापूस मोजणारे काटे प्रत्येक तालुक्यात उपलब्ध आहेत.

तिसरी बाब फोडांची. फायबरच्या थरांत शिरलेले पाणी तेथील रसायनांशी मिसळून दाब निर्माण करते व पृष्ठभागावर फोड येतात. फोड फोडल्यावर आंबूस वासाचा द्रव निघाला, तर हा दोष निश्चित समजावा. तो भाग घासून, कित्येक आठवडे पूर्ण वाळवून, मगच इपॉक्सीने भरावा लागतो. न वाळविता वरून लेप दिल्यास पाणी आत कोंडले जाते. रेझिनच्या कामाला मे महिन्याचे ऊनही अनुकूल नाही. चाळीस अंशांच्या पुढील तापमानात मिश्रण फार लवकर घट्ट होते आणि कारागिराला ते नीट पसरविण्यास अवधी मिळत नाही. हे काम हिवाळ्यात उत्तम होते.

हवा भरण्याच्या रबरी बोटींचे शत्रू ऊन, उष्णता व उंदीर हे आहेत. पत्र्याच्या खोलीत घडी करून ठेवलेल्या पीव्हीसीच्या बोटीचे सांधे उष्णतेने सुटतात. अशी बोट अर्धवट हवा भरून सावलीत ठेवावी. दर तिमाहीस ती पूर्ण फुगवून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे व चोवीस तासांनी हवेचा दाब पाहावा.

४. इंजिन, इंधन व शीतकरण

पूरबोटींवर सामान्यतः पेट्रोलवर चालणारे आउटबोर्ड इंजिन असते. ते ऐनवेळी सुरू न होण्याचे कारण बहुधा जुने पेट्रोल हेच असते. उभ्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर उरतो आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे बुजतात. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा मर्यादेबाहेर गेला की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचतात आणि इंजिनाला प्रथम तेच मिळते. जुनी आउटबोर्ड इंजिने बहुतांशी दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचा विचार करून बनविलेली आहेत. त्यांच्या रबरी नळ्या व गास्केटेही अशा इंधनाने फुगतात. म्हणून बोट उभी करताना टाकी व कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करावेत, नळ्या बदलाव्यात आणि पूरकाळासाठी ताजे पेट्रोलच भरावे. मागील वर्षीचे शिल्लक पेट्रोल बोटीत कदापि वापरू नये.

इंजिन थंड ठेवण्यासाठी नदीचेच पाणी एका लहान रबरी इम्पेलरने वर खेचले जाते. इंजिन दीर्घकाळ बंद राहिले की त्याची पाती एका बाजूला वाकलेल्या अवस्थेत कडक होतात. पाण्याशिवाय इंजिन काही क्षण चालविले तरी ती जळतात. पुराच्या पाण्यातील गाळ त्यांना कानसेप्रमाणे घासतो. हा सुटा भाग स्वस्त आहे, पण तो निकामी झाल्यास संपूर्ण इंजिन तापून बंद पडते. तो दरवर्षी बदलावा आणि एक जादा नग बोटीतच ठेवावा. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते. ती थांबली तर इंजिन तत्काळ बंद करावे, हे चालकास पक्के ठाऊक असले पाहिजे. प्रत्येक वापरानंतर इंजिन स्वच्छ पाण्यावर चालवून आतील गाळ धुऊन काढावा.

गिअर ऑइल दुधासारखे पांढरे झाले असल्यास सीलमधून पाणी आत शिरले आहे असे समजावे. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी व लोणीसावंगी या बंधाऱ्यांमुळे नदीपात्रात साचलेले पाणी राहते. अशा पाण्यातील जलपर्णी व तुटक्या जाळ्यांचे नायलॉन पंख्याभोवती गुंडाळले जाते. हा दोरा पंख्याच्या मागे शिरून सील कापतो. म्हणून पंखा काढून त्यामागील दांडा तपासणे हा वार्षिक देखभालीचा अनिवार्य भाग होय.

५. विद्युत व्यवस्था व सुरक्षा साधने

उष्णतेने बॅटरीचे आपोआप होणारे विसर्जन वाढते. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.४ व्होल्टच्या खाली जाताच बॅटरी पुन्हा भारित करावी. बॅटरी चांगली असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर जोडांवरील गंज तपासावा. चालक पाण्यात पडताच इंजिन बंद करणारी दोरी अखंड आहे किंवा कसे, हेही पाहावे. जीवरक्षक जाकिटांचे कापड उन्हाने जीर्ण होते. पट्टा जोराने ओढून त्याची शिवण तपासावी आणि जाकीट वजन बांधून पाण्यात तरंगते का, याची परीक्षा घ्यावी.

६. चाचणी

दुरुस्त बोटीची चाचणी हा औपचारिक उपचार नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली व अनेकांचे प्राण गेले. चाचणी मोकळ्या पाण्यात व प्रवासी वाहतुकीपासून दूर घ्यावी, हा त्यातील धडा आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून ग्रामस्थांना नेणारी बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. तीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसली होती. म्हणून चाचणीत माणसांऐवजी वाळूच्या पोत्यांचा पूर्ण भार ठेवून पाण्याची पातळी पाहावी आणि ती रेषा बोटीवर ठळक रंगवावी. गर्दीत संख्या मोजण्यापेक्षा रेषा पाहणे सोपे असते.

येथे जालना जिल्ह्यापुढील खरी अडचण लक्षात येते. मे महिन्यात पात्र कोरडे असते. घाणेवाडी तलाव पिण्याच्या पाण्याचा असल्याने तेथे पेट्रोल इंजिन चालविणे युक्त नाही. पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिन चालवून पाहता येते, परंतु त्यात भार येत नाही. भाराखालील चाचणी बंधाऱ्यांत पाणी असतानाच, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच शक्य आहे. मे महिन्यात दुरुस्त केलेली बोट त्यामुळे पुरातच प्रथम तपासली जाते.

७. वार्षिक क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो.

(अ) ऑक्टोबर : गाळ धुणे, इंधन काढणे, गिअर ऑइल पाहणे, वजन करणे, दोषांची यादी.
(आ) नोव्हेंबर ते जानेवारी : कवच वाळविणे व दुरुस्ती, इम्पेलर, नळ्या व सील बदलणे.
(इ) फेब्रुवारी : बंधाऱ्याच्या पाण्यात भारासह चाचणी.
(ई) मार्च ते मे : सावलीत साठवण, दरमहा पिंपात इंजिन चालविणे, बॅटरी भारित करणे.
(उ) जून : ताजे इंधन, सुटे भाग, चालकांचा सराव.

प्रत्येक कामाची तारीख, करणाऱ्याची स्वाक्षरी व आढळलेला दोष यांची नोंदवही ठेवावी. यंत्रचलित अंतर्गत नौकांसाठी अंतर्गत जहाज अधिनियम २०२१ मध्ये नोंदणी व तपासणीची तरतूद आहे. अशी नोंदवही असल्यास तपासणी अधिक अर्थपूर्ण होईल.

८. निष्कर्ष

जुनी मोटरबोट वयामुळे निकामी होत नाही. ती उभी असताना तिच्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून निकामी होते. विहारनौकेचा मालक हौसेपोटी आपल्या नौकेकडे पाहत राहतो. सार्वजनिक बोटीला असा मालक नसतो. ही उणीव वेळापत्रक व नोंदवही यांनीच भरून काढता येते. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजना विभाग यांना या कामात निश्चित वाटा देता येईल. वजन करणे, दाब मोजणे, नोंद ठेवणे ही विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील कामे आहेत. ती हिवाळ्यात झाली, तर पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीवर वाट पाहणाऱ्या माणसापर्यंत बोट पोहोचेल.