एंजिनाची अस्थिर मंदगती
उभ्या मोटारगाडीचे पेट्रोल एंजिन अडखळत फिरणे व वेगवर्धक दाबताच क्षणभर कचरणे. दुरुस्तीनंतर हा दोष उद्‌भवल्यास प्रथम हाताळलेले भागच तपासतात. मंदगतीत थ्रॉटल झडप जवळजवळ मिटलेली असल्याने तिच्यापुढील अंतर्ग्रहण नळीत अंशतः निर्वात असतो, सैल नळीतून किंवा फाटक्या गॅस्केटमधून जादा हवा शिरल्यास मिश्रण बहुधा विरल होते (पूर्ण ज्वलनास वजनाने हवा व पेट्रोल यांचे प्रमाण सु. १४.७ : १ लागते). वेग वाढविताच दोष कमी झाल्यास अशी गळती संभवते. सर्व वेगांत झटके बसल्यास ठिणगी-गुडद्यांची प्रज्वलन जोडणी पडताळतात. इंधन अंतःक्षेपणाच्या गाडीत सुटलेली संवेदक जोडणी नियंत्रक संगणकातील दोषसंकेतांवरून सापडू शकते. दुर्लक्ष झाल्यास न जळलेल्या इंधनाने निष्कास मार्गातील उत्प्रेरकी परिवर्तक अतितप्त होऊन निकामी होतो. वर्दळीत अपघातही संभवतो.